कागदाच्या माथ्यावर

मार्गळी, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा महिना, आला की मद्रासला दोन गोष्टी होतात. पहाटे अंगावर चादर लागते, आणि शाळेतून पोरं कागद घेऊन घरी येतात. परवा नातू आला. सहामाही परीक्षा संपली, सुट्टीत स्काउटचा कॅम्प आहे म्हणाला, आणि एक छापील कागद टेबलावर टाकून हात धुवायला गेला. सून शेंगा निवडत होती. तिनं पदराला हात पुसले, पेन घेतलं आणि उभ्याउभ्याच कागद भरला. नो, नो, नो. वरपासून खालपर्यंत नो. सेतूनं, म्हणजे माझ्या मुलानं, पेपरातून डोकं न काढता खाली सही ठोकली.

मी समोरच बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही, तरी मी सांगितलं. या पोराला मुंगी चावली तर हात कोपरापर्यंत सुजतो. शिवाय हा झोपेत उठून चालतो. गेल्या पोंगलच्या सणाला जिन्याच्या दारापाशी मीच त्याला धरला होता. सून हसली. म्हणाली, "मामंजी, ते काय आजार आहेत का?"

हेच वाक्य मी समुद्राकाठच्या तिरुवल्लिकेणीत, आमच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून, तमिळमध्ये ऐकलंय, तेलुगूत ऐकलंय, आमच्या तंजावरी मराठीत ऐकलंय. त्याला कंटाळूनच मी एका मार्गळीत घरोघर हिंडलो होतो. अण्णा नगरच्या या नव्या घरात, जिथे खिडकीतून समुद्राचा वास येत नाही, तिथे बसून आता मला तीच मार्गळी आठवते आहे.

माझं शिक्षण तिसरी. तंजावर सोडून मद्रासला आलो तेव्हा मला वाचता येत होतं ते मराठी आणि थोडं तमिळ. इंग्रजीची अक्षरं मी ओळखतो, पण त्यांच्याशी माझं बोलणं नाही. शाळेत अटेंडर होतो. घंटा माझी, किल्ल्या माझ्या, आणि मागच्या अंगणातली सामानाची खोली माझी. शिकलो नाही याची लाज मला कधी वाटली नाही. शिकलेल्यांनी न बघता केलेल्या सह्या मी पुष्कळ बघितल्या आहेत.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत मार्गळीची पहाट म्हणजे एक काम असे. बायका दारात सडा घालून कोलमची रांगोळी काढायच्या आणि शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून मधोमध ठेवायच्या. भजनाची टोळी पेटी घेऊन देवळाला फेरी घालायची. पेटी वाजवणाऱ्याला कायम सर्दी. समुद्रावरून वारा यायचा तो ओल्या वाळूचा. मी त्या वाऱ्यातून शाळेत जायचो आणि खोलीचं कुलूप काढायचो. आतून काथ्याचा, रॉकेलचा आणि पावसाळाभर घडी होऊन पडलेल्या तंबूंचा वास एकदम अंगावर यायचा. त्या वासानंच माझी सुट्टी सुरू व्हायची.

कॅम्पच्या आधी दहा दिवस मी सगळं मैदानावर काढून पसरत असे. तंबू उन्हात टाकायचे. कंदिलाची प्रत्येक काच बोटानं टिचकी मारून ऐकायची. तडा गेलेली काच बोलते. समुद्रात पोरांनी धरायचा दोर दोन्ही टोकांना चार चार दांडगी पोरं उभी करून ताणायचा. कुठे एक जरी धागा तटकन बोलला तर तो दोर विहिरीला, समुद्राला नाही. औषधाच्या पेटीत आयोडिन, बोरिक पावडर, जांभळं औषध, कापूस, पट्ट्या. मला बाटल्यांवरच्या इंग्रजी चिठ्ठ्या वाचता येत नसत, म्हणून मी प्रत्येक बाटली उघडून नाकाला लावायचो. स्काउटमास्तर वरदराजन सार गणिताचे. ते यादी घेऊन उभे राहायचे आणि खुणा करायचे.

"आयोडिन?"

"आहे, पण वास उडालाय. नवी आणा."

"यादीत आहे ना, राव?"

"यादीत आहे, सार. बाटलीत नाही."

सार हसायचे आणि खूण खोडायचे. माणूस भला. पण कागदावर फार विश्वास. पोरांच्या तब्येतीचा फॉर्म त्यांनी स्वतः स्टेन्सिल कापून काढला होता. फिट येतात का, दमा आहे का, गेल्या तीन महिन्यांत घरात कुणाला काही लागट, म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागणारा, आजार झाला का, खरूज आहे का, पोहता येतं का. खाली बापाची सही. फॉर्म आले की सार ते वाचून दाखवत, आणि चोवीसच्या चोवीस पोरं आखाड्यातल्या पैलवानासारखी धडधाकट निघत. पोहता सगळ्यांनाच येत असे. विचारलं तर कळायचं, गावच्या विहिरीत पाठीला सुके भोपळे बांधून.

त्या मार्गळीच्या आदल्या वर्षी काय झालं ते सांगतो. ताडांच्या बनात कॅम्प होता, खाली गवताचा पेंढा अंथरलेला. सकाळी मी पोंगलचं, म्हणजे मुगाच्या खिचडीचं, भांडं चुलीवर चढवत होतो. आमच्यातल्याच रुक्माबाईंचा नाणू तंबूच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून बसलेला दिसला. ओठ जांभळे. श्वास आत जाईना की बाहेर येईना, नुसती शिट्टी. बैलगाडीत घालून त्याला डॉक्टरकडे नेला. गाडी हलताना मी त्याला पाठीशी धरून बसलो होतो, आणि त्याच्या फासळ्या माझ्या छातीवर आपटत होत्या. वाचला. पण फॉर्ममध्ये दम्यापुढे नो होतं. परत आल्यावर मी त्याच्या आईला विचारलं तर म्हणाली, "तो दमा नव्हे. त्याला थंडी बाधते."

तिथेच मला समजलं. बायका खोटं बोलत नव्हत्या. फॉर्मच चुकीचं विचारत होता. आजार म्हटलं की त्यांना दवाखाना दिसतो, खाट दिसते, मुलीच्या लग्नाला येणारी अडचण दिसते. आणि घरात रोज जे चाललेलं असतं, त्याला कुणी आजार म्हणत नाही. त्याला सवय म्हणतात.

म्हणून त्या मार्गळीत मी म्हणालो, सार, फॉर्म राहू द्या तुमच्यापाशी. मी घरी जाऊन विचारतो. सार म्हणाले, "राव, वर्षाला एकदा तुमच्या अंगात वकील येतो." पण अडवलं नाही.

मी आजार विचारलाच नाही. मी विचारायचो, पोरगा झोपतो कसा? त्याच्या शेजारी कोण निजतं, आणि का? काय खायला देत नाही? कमरेला ताईत कशाचा? विहिरीवर एकटा जातो का? एका घरी कळलं, मुलगा शिंगाडा खाल्ला की गांधी उठून लाल होतो. एका घरी आजीनं सांगितलं की याला अंधारात काही दिसत नाही, पण हुशार आहे, भिंत धरून जातो. ताइताला हात लावला की आया हळूच सगळं सांगायच्या. मी कॉफी प्यायचो, ऐकायचो, आणि बाहेर आल्यावर पिशवीतल्या दोरीला एक गाठ मारायचो. लिहिण्यात माझा हात मंद. गाठी मात्र मला पाठ असतात.

रुक्माबाईंकडे गेलो तेव्हा त्या नळावर होत्या. आजूबाजूला चार बायका.

"नाणूला दमा आहे का म्हणून विचारत नाही, रुक्माबाई. झोपतो कसा तेवढं सांगा."

"झोपतो डोळे मिटून."

"आडवा?"

कळशी भरून वाहायला लागली तरी त्या उचलेनात. "भिंतीला टेकून," म्हणाल्या.

"उशा किती?"

"तीन. आणखी काय बघायचं आहे, गणपतराव? दात मोजता? मुलीकडची माणसं घर बघायला येतात तीसुद्धा इतकं विचारत नाहीत!"

बायका हसल्या. मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगून टाकलं की नाणू यंदा पेंढ्यावर झोपणार नाही आणि समुद्रात उतरणार नाही; गावातल्या पक्क्या ओसरीवर निजेल, किनाऱ्यावर शिट्टी घेऊन बसेल आणि पोरं मोजेल. कबूल असेल तर पाठवा. त्यांचा चेहरा उतरला. मी ते नळावर बोलायला नको होतं. पण तेव्हा मला वाटलं, बरोबर ते बरोबर, नळावर काय आणि देवळात काय.

निघायच्या आदल्या दिवशी त्याच रुक्माबाई आमच्या घरी आल्या. हातात नाणूच्या औषधाच्या पुड्या, एका कागदात बांधलेल्या. राग गिळून आल्या होत्या. ही कधी द्यायची, ती कधी, असं मला समजावून सांगायला म्हणून उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. वर बघत राहिल्या.

आमच्या दारावर कडुनिंबाचा डहाळा होता. सुकलेला, तपकिरी.

जे आमच्या मुलखातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अंगावर फोड येऊन ताप आला की आमच्याकडे त्याला रोग म्हणत नाहीत. आई घरी आली म्हणतात. थोरली आई भारी, ती जीवही घेते. धाकटी आई आठदहा दिवस राहते आणि जाते, डॉक्टर जिला कांजिण्या म्हणतात. ती आली की दारावर कडुनिंब लावायचा. घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, औषध द्यायचं नाही, पाहुण्याला ये म्हणायचं नाही आणि जा म्हणायचं नाही. फोड वाळले की हळद आणि पाला घातलेलं पाणी डोक्यावरून घालायचं, एक दिवसाआड तीन वेळा. तिसरं पाणी झालं की आई समाधानानं गेली. डहाळा मात्र काढत नाहीत. आपोआप गळेपर्यंत राहू देतात.

आमच्या तुळजाला, सेतूच्या धाकट्या बहिणीला, आली होती. आईचा खरा मोसम उन्हाळ्याचा. त्या वर्षी मार्गळीतच आली.

"कधी?" रुक्माबाईंनी विचारलं. आवाज एकदम खाली. असल्या दारात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

"गेली. तिसरं पाणी होऊन चार दिवस झाले."

"आणि सेतूला?"

"त्याला अजून नाही."

"अजून," त्या म्हणाल्या. एवढंच.

माझं डोकं भडकलं. "आईला आजार म्हणता, रुक्माबाई? तंजावरची माणसं आहोत आपण!"

"मी कशाला म्हणू? मी काय कुणाच्या घरी उशा मोजत हिंडते?" त्यांनी पुड्या उंबऱ्यावर ठेवल्या. "तुम्ही सगळ्यांना विचारलंत, गणपतराव. तुम्हाला कुणी विचारलं?"

आणि गेल्या. जाते म्हणाल्या नाहीत, कारण अशा घरातून जाताना तसं म्हणत नाहीत.

मी गावभर सांगत होतो की चोवीस घरं हिंडलो. खरं म्हणजे तेवीस. चोविसावं माझंच होतं, आणि तिथला फॉर्म सेतूनंच भरला होता, नो नो करून, आणि मी त्याखाली माझी मोठ्या अक्षरांची सही केली होती. लबाडी नव्हती. जी बाई आमच्या घरी दहा दिवस राहून, माझ्या पोरीला न मारता, हसत निघून गेली, ती माझ्या मनात आजारांच्या रांगेत उभीच राहिली नव्हती. रुक्माबाईंच्या मनात जसा दमा उभा राहिला नव्हता, तसंच.

तडक आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारा माणूस, पगडी घालणारा. त्यांनी विचारलं, मुलीला पहिला फोड कधी दिसला? सोळा दिवस झाले. मुलगा जवळ निजतो? एकाच चटईवर. त्यांनी बोटांवर मोजलं. "यायचीच असेल तर एकविसाव्या दिवसापर्यंत कधीही येईल. किंवा येणार नाही. आणि आली तर दिसायच्या आधीच दुसऱ्याला लागते." कॅम्प पाच दिवसांचा. सतराव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत. पंचांग बघून काढला असता तरी इतका नेमका मुहूर्त सापडला नसता. एकेका तंबूत सहा सहा पोरं, एकमेकांच्या पायात पाय घालून झोपणारी.

आता सेतूबद्दल. पंधरा वर्षांचा, उंच, एका टोळीचा नायक. तीन वर्षं खालच्या टोळीत भांडी घासून इथवर आलेला. मार्चमध्ये त्याची एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक; तेव्हा हा शेवटचा कॅम्प. परीक्षा झाली की कुठेतरी कारकुनी, आणि खाकी चड्डी धाकट्या कुणाला तरी. त्या वर्षीचा कॅम्प कोवलमला, मद्रासखालच्या कोळ्यांच्या गावात. तिथल्या समुद्रात पोरांना उतरवायचं तर किनाऱ्यापासून आत दोर धरावा लागतो, आणि आतल्या टोकाला उंच, न घाबरणारा माणूस लागतो. सारनी ती जागा त्याला दिली होती. महिनाभर तो जेवताना, अभ्यास करताना, नळावर रांगेत उभा असताना त्याच जागेवर उभा होता. मला दिसायचं.

सार शाळेत पेट्या बांधत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आज ताप आहे त्याला?"

"नाही."

"अंगावर काही?"

"नाही."

"मग, राव? येईल किंवा येणार नाही, असं तर माझंही सांगता येईल. आतलं टोक कोण धरेल? मुलाचा शेवटचा कॅम्प." मग पेटीची कडी लावत म्हणाले, "फॉर्ममध्ये नो आहे. मी फॉर्म बघतो. तुम्ही आत्ता काय बोललात ते मला ऐकू आलं नाही."

दयेनंच बोलले. आणि खरं सांगायचं तर ती वाट मला सरळ दिसली. रुक्माबाई बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. डॉक्टर कुठे कॅम्पला येणार होते? एक मी गप्प राहिलो की झालं. पण मी तेवीस घरांच्या कॉफ्या प्यालो होतो. तेवीस आयांना म्हणालो होतो की माझ्यापाशी सांगा, पोरं माझ्या हातात आहेत.

"फॉर्म द्या," मी म्हणालो.

त्यांनी काढून दिला, पेन दिलं, आणि लागट आजाराच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे लिहा."

मी पेन तिथे टेकवलं आणि हात चालेना. वर फिट, खाली खरूज. मधे आई? जिच्यासाठी माझ्या बायकोनं दहा दिवस जिऱ्याची फोडणी दिली नाही, जिला आम्ही निघताना पानसुपारी ठेवली? सार वाट बघत होते. बाहेर मैदानावर पोरं तंबू गुंडाळत ओरडत होती.

मग मी कागद वर सरकवला. अगदी माथ्यावर, शाळेच्या नावाच्याही वर, जिथे आपण पत्र लिहिताना श्री काढतो, तिथे लिहिलं. मराठीत, माझ्या वळणदार नसलेल्या अक्षरात. 'आमचे घरी धाकटी आई येऊन गेली. सेतू तिच्याजवळ होता. सबब पाठवीत नाही.' खाली सही होतीच. वेळ लागला. घाम आला.

"काय लिहिलंत?" सारना मराठी येत नसे. मी तमिळमध्ये सांगितलं.

ते त्या ओळीकडे बघत राहिले. "खाली नाही लिहिलंत."

"खाली ती बसत नाही, सार."

त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि यादी घेऊन लाल पेन्सिलीनं सेतूचं नाव कापलं. पुढच्या वर्षी स्टेन्सिल कापताना त्यांनी कागदाच्या माथ्यावर दोन बोटं जागा मोकळी सोडली. ती कशासाठी हे छापलं नव्हतं. मी आयांना सांगायचो, खाली जे विचारलंय ते विचारलंय. पण जे घरात आहे आणि आजार नाही, ते वर लिहा, तुमच्या भाषेत. आणि काय काय यायला लागलं त्या दोन बोटांत! 'याला वीज चमकली की बोलता येत नाही.' 'आजोबा गेल्यापासून रात्रीचा अंथरूण भिजवतो, कृपा करून हसू नये.' तमिळ, तेलुगू, उर्दू. सार वाचून घ्यायला स्टाफरूममध्ये या मास्तरांकडून त्या मास्तरांकडे हिंडायचे. माझ्यानंतर पुष्कळ वर्षं ती जागा राहिली असं म्हणतात. एका तिसरी पासाचं एवढं काम पुरे झालं.

पण त्या दिवशी मला हे काही ठाऊक नव्हतं. मी घरी गेलो तेव्हा सेतू चिंचेनं पट्ट्याचं बक्कल घासत बसला होता. इस्त्री केलेला शर्ट खुंटीवर. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

"नाव कुणी कापलं? सारनी?"

"मी."

"अप्पा, मला काही झालेलं नाही."

"माहीत आहे."

"मग होणार आहे?"

"होईल, न होईल."

"म्हणजे तुम्हालाच माहीत नाही!" त्यानं बक्कल खाली टाकलं. "लोकांच्या घरी जाऊन एवढं शहाणपण, आणि स्वतःच्या घरातलं माहीत नाही!"

माझ्या घरात बापाशी असं कुणी बोललं नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, आता हात उठणार म्हणून. उठला नाही. पोरगा बरोबर बोलत होता, आणि मीही बरोबर होतो. दोन बरोबर एका खोलीत समोरासमोर उभे राहिले की हात कुणावर उचलायचा?

सकाळी मी खांद्यावर दोर घेऊन निघालो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलेला नव्हता. झोपेतला श्वास मला कळतो.

केळंबाक्कमपर्यंत बस, तिथून मिठागरांच्या कडेनं चालत. मार्गळीतलं ऊन मिठावर पडलं की डोळे मिटून चालावं लागतं. पोरं गात होती. कोवलमच्या किनाऱ्यावर कट्टुमरम, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या होड्या, उलट्या वाळत पडलेल्या. जाळ्यांना खारवलेल्या माशांचा वास. गावातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला मी विचारलं, आज समुद्र कसा? त्यानं समुद्राकडे न बघता पायाखालची वाळू अंगठ्यानं उकरली आणि म्हणाला, आज कमरेपर्यंत, उद्या गुडघ्यापर्यंत, परवा नाही. मी तेच केलं. दोराचं आतलं टोक मी स्वतः धरलं. सदतीस वर्षांचा होतो, पोहता येत होतं. लाट छातीवर आदळायची आणि दर लाटेला वाटायचं, इथे तो असायचा होता. किनाऱ्यावर नाणू शिट्टी घेऊन ताठ बसलेला. शिट्टी वाजली की पोरांनी आपापला आकडा ओरडायचा. बावीस आकडे आले की तो हात वर करायचा. इतका गंभीर, जसा काही तोच समुद्र चालवत होता.

रोज संध्याकाळी मी पोरांना ओळीनं उभं करून पाठी बघितल्या. कंदील लावायच्या आधी, उजेड आहे तोवर. "राव अण्णा, काय शोधता? वाघाचे पट्टे?" म्हणायची. बघू दिल्या पाठी. खारट, उन्हानं सोललेल्या, डासांनी चावलेल्या, आणि स्वच्छ.

पाचव्या दिवशी दुपारी परतलो. रुक्माबाई शाळेच्या दारात उभ्या होत्या. नाणूला त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मला म्हणाल्या, "सगळे आले?"

"सगळे."

"आणि घरचा?" हे विचारलं त्यात टोमणा नव्हता. मी म्हणालो, बघायचं आहे.

घरी आलो. जेवणाची वेळ टळली होती. सेतू ओसरीवर होता. मला बघून उठला. शर्ट काढला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"बघा. आज एकविसावा. एक तरी आहे का?"

मी जवळ गेलो. मानेपासून कमरेपर्यंत बघितलं, बगला बघितल्या, कानामागे बघितलं. बोटं फिरवून बघितलं. काही नव्हतं. आणि आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी मला वाटलं की एक असावा. एकच, मोहरीएवढा. मी बरोबर होतो एवढं त्याला दाखवण्यापुरता. बापानं पोराच्या पाठीवर आईचा फोड शोधावा आणि न सापडल्यावर मन खट्टू व्हावं, असा मी त्या घटकेला झालो होतो. लगेच गालात मारून घेतलं. बायकोला वाटलं मी आईला हात जोडतो आहे. तेही खरंच होतं.

"नाही ना?" तो वळला. डोळे लाल. "म्हणजे मी आलो असतो तर चाललं असतं."

"चाललं असतं," मी म्हणालो.

"मग?"

"तरी नेला नसता."

त्याला वाटलं असेल, आता तरी बाप माघार घेईल, चुकलं म्हणेल. पण चुकलं नव्हतं. न आलेली लाट मोजता येत नाही म्हणून दोर सोडून द्यायचा नसतो. हे मला त्याला समजावता आलं नाही, आणि तेव्हा ते त्याला समजलंही नसतं. तो शर्ट खांद्यावर टाकून आत गेला आणि आईजवळ जाऊन मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "मला वाढ. यांना नको."

बायकोनं दोन पानं मांडली. तो माझ्याकडे अर्धी पाठ करून बसला आणि तीन वेळा भात मागून जेवला. बावीस पोरं आपापल्या घरी जेवत होती, किनाऱ्यावरचा नाणू आपल्या आईच्या हातचं खात होता, आणि चोविसावा माझ्यासमोर होता, रागावलेला आणि धडधाकट. मी ताक भात कालवला आणि पोटभर जेवलो.